बीपी-शुगरवाल्या आज्जा-आज्जींना हलतं करताना

"मी काय बसून खातो काय गा? दिवस उगवायच्या आत रानात असतो." व्यायामाचा विषय काढला की बेळगाव जिल्ह्यात खानापूरपासून निपाणीपर्यंत कुठल्याही गावात पहिलं उत्तर हेच येतं. ते खोटं नसतं, पण अर्धंच खरं असतं. रोप लावण, भांगलण, मळणी ही कामं हंगामाची. चार दिवस अंग मोडून राबायचं आणि मग महिनाभर कट्ट्यावर बसायचं. त्यात आता नांगराला ट्रॅक्टर, मळणीला मशीन आणि रानात सोडायला पोराची मोटारसायकल. सत्तरीतल्या माणसाचं 'रानात जाणं' म्हणजे पुष्कळदा बांधावर बसून लक्ष ठेवणं. जी म्हातारी माणसं अजून खरंच राबतात ती तासन्‌तास वाकून एकच काम करतात. त्यात कंबर-गुडघे दुखून येतात, पण दमाला आणि तोलाला हवा तो सराव होतोच असं नाही.

हा लेख अशा माणसांना पहिल्यांदाच हलतं करायला निघालेल्यांसाठी आहे. तुम्ही मुलगा असाल, सून असाल, कॉलेज संपवून गावात असलेली नात असाल, भजनी मंडळातले पन्नाशीतले कुणी असाल किंवा नव्यानं लागलेली आशा कार्यकर्ती. माझं म्हणणं एकच आहे: आजार झाला म्हणून माणसाला खाटेवर बसवू नका, आजार आणि गोळ्या बघून चालवा. घरोघरी उलटं चालतं. बीपीची गोळी सुरू झाली की सगळे म्हणतात, "बास झालं आता, आराम करा." थोड्याच महिन्यांत तोच माणूस मोरीत जाताना भिंत धरायला लागतो.

एक आकडा तुमच्यापुरता लक्षात ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांप्रमाणे पासष्टीपुढच्या माणसांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल करावी, निदान दोन दिवस ताकदीचे व्यायाम करावेत आणि निदान तीन दिवस तोल सांभाळायचा सराव करावा. जुनाट आजार असलेल्यांनाही साधारण हेच लागू आहे. पण पहिल्याच दिवशी हा आकडा आज्जाला सांगू नका, दुसऱ्या दिवशी ते तुम्हाला भेटायचे नाहीत.

पायरी १: गोळ्यांची पिशवी खाटेवर ओता

प्रत्येक घरात ही पिशवी असते, खुंटीला नाहीतर देवळीत. आत सरकारी दवाखान्यातल्या कागदाच्या पुड्या, खासगी डॉक्टरांच्या स्ट्रिपा, त्यातली निम्मी कापलेली आणि नेमकं नावच कापून गेलेली. आपल्याकडे आणखी एक भानगड आहे. निपाणीकडची माणसं गडहिंग्लज-कोल्हापूरला दाखवतात, खानापूरची बेळगावला, आणि मधूनमधून गावच्या आरोग्य केंद्रातूनही गोळ्या आणतात. एकाच औषधाच्या दोन कंपन्यांच्या गोळ्या दोन डॉक्टरांकडून चालू असलेला माणूस शोधायला फार लांब जावं लागत नाही. तेव्हा कंपनीचं नाव सोडा आणि खाली बारीक अक्षरात लिहिलेलं औषधाचं नाव वहीत उतरवा.

काही नावं चालण्याशी थेट संबंध असलेली आहेत. ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड, ग्लिक्लाझाइड किंवा इन्सुलिन चालू असेल तर श्रमानंतर शुगर एकदम उतरू शकते. नुसत्या मेटफॉर्मिनवर हे सहसा होत नाही. ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉल या गोळ्या हृदयाचे ठोके मंद ठेवतात. त्यामुळे शुगर उतरल्यावर होणारी धडधड आणि थरथर झाकली जाते, घाम मात्र येतो. नाडी मोजून श्रमाचा अंदाजही अशा माणसात चुकतो. लघवी वाढवणारी गोळी, किंवा लघवी अडते म्हणून दिलेली टॅमसुलोसिन यांनी उठताना चक्कर येऊ शकते. ॲम्लोडिपिननं काहींचे घोटे सुजतात. आज्जी म्हणणार, "चालून चालून पाय सुजले बघ," आणि चालणं बंद. सूज कशाची हे डॉक्टरांना विचारा. ती गोळीचीही असेल किंवा हृदय-किडनीचीही, पण चालणं सोडणं हा त्यावर उपाय नव्हे.

दवाखान्याचं कार्ड कन्नडमध्ये असतं आणि आपल्या आज्जाला ते वाचता येत नाही. म्हणून शंभर पानी वही घाला. डाव्या पानावर तारीख, बीपी, शुगर आणि गोळी, उजव्या पानावर त्या दिवशी किती चाललं ते. पुढं सगळं या वहीवर चालणार आहे.

पायरी २: एकदा तपासून घ्या

गावच्या उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात तिशीपुढच्या सगळ्यांची बीपी-शुगर मोफत तपासतात. आशाताईला सांगितलं की ती दिवस कळवते. तालुक्याला किंवा बेळगावला जायची वेळ आली तर आज्जीच्या बसभाड्याची काळजी नाही. जून २०२३ पासून शक्ती योजनेत कर्नाटकातल्या बायकांना राज्याच्या साध्या सरकारी बसमधून राज्यात फुकट प्रवास आहे, फक्त ओळखपत्र जवळ हवं. आज्जाला मात्र तिकीट काढावं लागतं, आणि त्याबद्दल त्यांचं बोलणं वाटभर ऐकावं लागतं.

बीपी मोजायच्या आधी पाच मिनिटं शांत बसवा. पाठ टेकलेली, पाय जमिनीला लागलेले, हात छातीच्या उंचीला. बसमधून उतरून धापा टाकत आल्याआल्या मोजलेलं बीपी वहीत लिहू नका. बसून मोजलं की उभं करून तीन मिनिटांच्या आत परत मोजायला सांगा. वरचा आकडा २० नं किंवा खालचा १० नं उतरला तर उठताना पडायचा धोका आहे. हे डॉक्टरांना सांगायचंच.

पुढच्यांपैकी काही असेल तर डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय सुरुवात नाही: बीपी १८०/११० च्या वर, चढ चढताना छातीत दाटून येणं आणि थांबलं की बरं वाटणं, बसल्या जागी धाप, अलीकडे आलेला हृदयाचा झटका किंवा लकवा, शुगरमुळे डोळ्याच्या पडद्यातून रक्तस्राव, पायाला उघडी जखम.

पायरी ३: घरीच बघा, पाणी किती आहे

पहिली चाचणी खुर्चीची. बिनहाताची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. लग्नातल्या प्लास्टिकच्या खुर्च्या नकोत, फरशीवर त्या सरकतात. हात छातीवर आडवे घेऊन ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहून बसता येतं ते मोजा. ६५ ते ६९ वयाच्या पुरुषाला १२ आणि बाईला ११ जमायला हवेत, ७५ ते ७९ मध्ये ११ आणि १०. त्याखाली असेल तर मांड्यांची ताकद कमी पडतेय आणि पडायचा धोका वाढलाय असं समजा.

दुसरी: खुर्चीतून उठून तीन मीटर नेहमीच्या चालीनं जायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर सावध. तिसरी: एका पायाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला लावून एका रेषेत १० सेकंद उभं राहायचं. तुम्ही शेजारी हात पुढं करून उभे राहा, पण धरू नका. यातलं काही जमलं नाही तरी चालणं रद्द होत नाही, फक्त पहिले काही आठवडे पायरी ६ वर जास्त वेळ द्यायचा.

पायरी ४: पाय

शुगरवाल्याच्या तळपायाची जाणीव गेली की काटा घुसलेला कळत नाही. रोज संध्याकाळी पाय धुऊन, बोटांच्या बेचक्या कोरड्या करून, तळवे बघायचे. आज्जाला वाकता येत नसेल तर नातवाला मोबाईलवर फोटो काढायला लावा. पोरांना तेवढंच काम. थंडीत चुलीपुढं पाय शेकत बसायची सवय आपल्याकडे आहे. बधिर पाय भाजल्याचं दुसऱ्या दिवशी फोड आल्यावर कळतं, म्हणून ते बंद.

अनवाणी चालणं नाही, अंगणातही नाही, देवाच्या नावानंही नाही. एमसीआर (बारीक छिद्रांच्या मऊ) रबराचा तळ आणि मागं पट्टा असलेलं चप्पल घ्या. अंगठ्यात अडकवायची स्लीपर बधिर पायातून निसटते आणि माणसाला पत्ता नसतो. नवं पायताण पहिल्या दिवशी थोडाच वेळ घालायचं आणि काढल्यावर कुठं लाल झालंय का बघायचं.

पायरी ५: चालणं सुरू

सुरुवात पाच-दहा मिनिटांनी, दिवसातून दोनदा. आठवड्यागणिक दोन-तीन मिनिटं वाढवत नेलं तर दोन-तीन महिन्यांत रोजची तीस मिनिटं होतात, आणि आठवड्यातले पाच दिवस झाले की १५० भरले. सलग तीस मिनिटं चाललं पाहिजे असा हट्ट नको, दहा-दहाचे तीन तुकडे चालतात. शुगरवाल्यांना तर जेवणानंतरची दहा-पंधरा मिनिटं फार उपयोगी, कारण जेवणानंतर चढणारी शुगर तेवढ्या चालण्यानं कमी चढते. सुनेनं "मामा, जेवलासा तर जरा देवळापर्यंत जाऊन येऊया की" म्हटलं तर मामा उठतात. "व्यायाम करा" म्हटलं तर आडवे होतात.

चाल किती हवी? बरोबर गप्पा मारता येतात पण अभंगाची ओळ ओढून म्हणता येत नाही, ही चाल बरोबर. अभंग आरामात चालला तर पाय जरा उचला. दोन शब्दांनंतर थांबावं लागलं तर हळू करा.

वेळ निवडताना गावाकडे बघा. पहाटे पाचला उठून चालण्याचा आपल्याकडे मोठा मान आहे, पण म्हाताऱ्या, बीपीच्या, दम्याच्या माणसाला डिसेंबर-जानेवारीतली बेळगावची थंडी सोसत नाही. पहाटे अंधारात कुत्रीही मागं लागतात. ऊन पडू दे, मग निघा. चिकोडी, निपाणी, रायबाग, अथणी भागात गळीत हंगाम सुरू झाला की संध्याकाळनंतर रस्त्यावर चालायचंच नाही. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, मागं दिवा नाही, बाजूला उसाची टिपरं लोंबलेली. शाळेचं मैदान किंवा देवळाचं आवार बरं. उन्हाळ्यात सकाळी लवकर आणि पाणी पिऊन. ज्यांना डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितलंय त्यांनी मात्र तेवढंच प्यायचं.

खानापूर तालुक्यात, त्यातही कणकुंबी-जांबोटीच्या पट्ट्यात, पावसाचे महिने हीच खरी अडचण. दोन-तीन महिने माणूस सोप्यातून बाहेर पडत नाही आणि दसऱ्याला बघावं तर जिना चढवत नाही. तेव्हा सोप्यातच फेऱ्या घालायच्या. वाटेतली घमेली, पाट, ओली पोती उचला आणि दाराशी चिखलाचे पाय पुसायला गोणपाट टाका, पण घसरणारं नको.

पायरी ६: ताकद आणि तोल

नुसतं चालून भागत नाही, आणि लोक अडतात ते इथंच. सत्तरीतल्या माणसाला मोडतं ते पडणं. त्यावरचे व्यायाम साधे आहेत. खुर्चीवरून उठबस, आठ-दहा वेळा, सुरुवातीला हात टेकून. खांब धरून टाचा उचलणं. भिंतीवर हात टेकवून जोर. आठवड्यातून दोन-तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून. उठताना श्वास सोडायचा, कोंडायचा नाही.

हे शेवटचं जुन्या पैलवानांना मुद्दाम सांगायला हवं. येळ्ळूरच्या कुस्ती मैदानाचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे, आणि बेळगावभोवतीच्या गावांत तालमीच्या मातीत वाढलेली माणसं आता सत्तरीत आहेत. बीपीची गोळी खाऊन, दम कोंडून जोर-बैठका मारणारे महाभाग त्यांच्यात सापडतात. दम कोंडून जोर लावला की त्या क्षणी बीपी उसळतं. त्यांना व्यायाम बंद करा म्हणू नका, ऐकणार नाहीत. बैठका अर्ध्या घ्या, संख्या कमी करा आणि प्रत्येक बैठक श्वासाबरोबर मोजा, असं सांगा. आणि गल्लीतल्या बाकीच्या म्हाताऱ्यांना शिकवायचं काम त्यांच्याकडेच द्या. वस्ताद म्हटलं की ते वेळेवर येतात.

तोलासाठी माझ्या मते भजनी मंडळासारखी जागा नाही. वारकरी पावली खेळतात तेव्हा काय करतात ते नीट बघा. टाळाच्या ठेक्यावर दोन पावलं पुढं, मग मागं, बाजूला, वजन एका पायावरून दुसऱ्यावर, मध्येच वळणं, आणि हे सगळं तोंडानं अभंग म्हणत. फिजिओथेरपीवाले तोल सुधारायला जे करून घेतात त्यातलं बरंच यात आलं. हरिपाठ संपला की दहा मिनिटं संथ ठेक्याची पावली ठेवा. ज्यांचा तोल कच्चा त्यांना देवळाच्या खांबाजवळ उभं करा, एक हात खांबाला आणि फक्त पुढं-मागं. उडी आणि गिरकी नको. मृदंगवाल्याला आधीच सांगून ठेवा, नाहीतर तो रंगात येऊन लय वाढवतो आणि सगळे आज्जे विशीत जातात.

बायकांचं वेगळं. भजनाला पुढं बसतील, पण मैदानात चालायला लाजतात. दोघी-तिघींना एकत्र घ्या आणि वाट त्यांनाच ठरवू द्या. निपाणीकडे विडी वळणाऱ्या आक्का मांडीवर सूप घेऊन दिवसभर एका जागी असतात. त्यांना अर्धा तास वेगळा काढायला सांगण्यापेक्षा, दोन-चार बंडलं झाली की उठून परड्यापर्यंत जाऊन यायचं आणि पाच वेळा उठबस करायची, हे जमण्यासारखं आहे.

पायरी ७: आजाराप्रमाणे फरक

शुगर. गोळी किंवा इन्सुलिन घेऊन, न जेवता, चालायला जायचं नाही. ग्लिमेपिराइडसारख्या शुगर एकदम उतरवणाऱ्या गोळ्या (पायरी १) किंवा इन्सुलिन चालू असेल आणि निघण्याआधीची शुगर ९०-१०० च्या आत असेल तर आधी काहीतरी खा. ३०० च्या वर असेल तर त्या दिवशी चालणं नको, आणि बरं वाटत नसेल तर सरळ दवाखाना. खिशात साखरेची पुडी कायम. घाम, थरथर, डोळ्यापुढं अंधारी, बोलणं असंबद्ध, असं काही झालं की बसवा आणि तीन चमचे साखर पाण्यात घालून पाजा. पंधरा मिनिटांनी बरं वाटलं नाही तर परत तेवढीच. सावरल्यावर भाकरी-भात काहीतरी खायला द्या. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालायचं नाही. एकादशीचा दिवस विशेष जपायचा. उपवासाला गोळी किती घ्यायची हे डॉक्टरांना आधीच विचारून वहीत लिहून ठेवा, आणि त्या दिवशी लांबची चाल नको.

गुडघे. दुखतंय म्हणून बसलं की मांडीचे स्नायू आटतात आणि गुडघा आणखी दुखतो. चालताना थोडं दुखलं तर चालेल, पण दुसऱ्या दिवशीही दुखणं वाढलेलंच असेल तर आदल्या दिवशी जास्त झालं, कमी करा. खाटेवर पाय सरळ ठेवून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी घ्यायची, ती खाली दाबून पाच आकडे धरायचं आणि सोडायचं. दोन्ही पायांना दहा-दहा वेळा. वजन जास्त असेल तर एक किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा साधारण चार किलोंचा भार कमी होतो. उकिडवं बसून भांडी घासणं, मांडी घालून तासभर जेवण हे टाळा. संडासात खुर्ची बसवा, त्यात कसली लाज.

दमा आणि जुना खोकला. चुलीचा धूर आणि विडी-तंबाखू यांनी छाती बांधलेली माणसं धाप लागेल म्हणून हलतच नाहीत. नाकानं श्वास घ्यायचा आणि ओठांचा चंबू करून हळू सोडायचा, घेण्याच्या दुप्पट वेळ. चाल-थांब-चाल करा. चालण्याआधी पंप मारायला डॉक्टरांनी सांगितला असेल तर मारून निघा.

पायी दिंडीला जायचं म्हणणाऱ्यांनी निदान दोन महिने आधी सराव धरावा आणि गोळ्यांचा पूर्ण साठा दोन वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवावा. एक सामानाच्या गाडीत, एक स्वतःजवळ.

पायरी ८: थांबायचं कधी

छातीत दाब, दुखणं हातात किंवा जबड्यात जाणं, अचानक दम कोंडणं, चक्कर, एक बाजू लुळी पडणं, तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं. यातलं काही झालं की बसवा आणि १०८ लावा. "गॅस झाला असेल" म्हणत सोडा पाजत बसू नका. पलीकडून कन्नडमध्ये बोललं तर गडबडू नका. तालुका, गाव आणि जवळची खूण एवढं आधी सांगा, "एदे नोवु" म्हटलं की छातीत दुखतंय हे कळतं. ही लक्षणं आणि १०८ नंबर कागदावर लिहून तो सोप्यात भिंतीवर चिकटवा. घरात त्या वेळी कोण असेल सांगता येत नाही.

पायरी ९: वही दवाखान्यात न्या

महिन्याला गोळ्या आणायला जाताना वही बरोबर. नेमानं चालणाऱ्याचं बीपी आणि शुगर उतरू शकते आणि तीच जुनी गोळी मग जास्त होते. उठताना चक्कर येते, दुपारी घाम फुटतो. डॉक्टर वही बघून डोस बदलतील. घरी मात्र कुणी आपल्या मनानं गोळी अर्धी करायची नाही आणि "आता चालतोय की" म्हणून सोडायचीही नाही.

ताप येतो, घरात कार्य निघतं, सुगी येते, आठ-पंधरा दिवस खंड पडतो. परत सुरू करताना आधी जितकं चालत होते त्याच्या अर्ध्यावरून करा. चिकुनगुन्या होऊन गेला असेल तर सांधे महिनोन्‌महिने दुखू शकतात. अशा वेळी चालण्याआधी खाटेवरच हातापायांची हालचाल काही दिवस, मग सोपा, मग अंगण.